दुसऱ्या संधीची ऐतिहासिक प्रेमकथा मध्येच का रेंगाळते?

सेकंड चान्स रोमान्सचा साचा दोन ओळींत सांगता येतो. दोघांचं एकेकाळी प्रेम होतं, ते तुटलं. काही वर्षांनी दोघं पुन्हा समोरासमोर येतात आणि शेवटी एकत्र होतात. त्याला ऐतिहासिक पार्श्वभूमी जोडली की तुटण्याची कारणं आयती मिळतात: युद्ध, कर्ज, वडिलांचा नकार, न पोचलेलं पत्र. या प्रकारात सर्वांत जास्त वापरला जातो तो इंग्लंडचा रिजन्सी काळ, म्हणजे 1811 ते 1820 आणि त्याच्या आगेमागेची वर्षं. एवढी सोय असूनही अशा कादंबऱ्यांबद्दलची तक्रार ठरलेली असते. सुरुवात छान, मधली शंभर पानं जागच्या जागी फिरतात, शेवट घाईत उरकलाय.

"गती कमी पडते" असं कुणी म्हटलं की लेखक सहसा घटना वाढवतो. घोडागाडी उलटते, जुना शत्रू उगवतो, कुणीतरी तापाने फणफणतं. पानं वाढतात आणि कंटाळा तसाच राहतो. कारण गती घटनांच्या संख्येवर ठरत नाही. एखादा प्रसंग संपल्यावर वाचकाला नवं काय कळलं, आणि दोघांच्या नात्यात काय हललं, यावर ती ठरते. ज्या प्रसंगानंतर दोन्ही जागच्या जागी आहेत, तो प्रसंग तलवारबाजीचा असला तरी संथच.

सेकंड चान्समध्ये एक जास्तीची अडचण असते. साध्या प्रेमकथेत दोघं अनोळखी असतात. त्यामुळे ओढ शून्यापासून वाढत जाते आणि ती वाढ हीच कथा होते. इथे ओढ पहिल्याच भेटीत पूर्ण भरलेली असते. नुसत्या नजरानजरेने दोघं हादरतात, तेव्हा त्यापुढे ओढ आणखी किती वाढवणार? वाढायला जागा असते ती विश्वासाला. मधली शंभर पानं फिरत राहतात, कारण लेखक वाढू न शकणारी गोष्ट पुन्हा पुन्हा लिहितो आणि वाढू शकणारी गोष्ट शेवटच्या दोन प्रकरणांत कोंबतो. पुढच्या बहुतेक दुरुस्त्या या एका निदानावरून निघतात.

समजायला एक उदाहरण घेऊ. मार्च 1802 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात आमियाँचा तह झाला आणि वर्षभर इंग्रज लोक हौसेने पॅरिसला जाऊ लागले. मे 1803 मध्ये युद्ध पुन्हा पेटलं. नेपोलियनने फ्रान्समध्ये सापडलेल्या 18 ते 60 वयाच्या ब्रिटिश पुरुषांना अडकवून ठेवण्याचा हुकूम काढला. त्यांतल्या अनेकांना व्हर्दून या गावी ठेवलं गेलं आणि जे मध्येच निसटले नाहीत, ते 1814 च्या वसंतात नेपोलियनने गादी सोडल्यावरच सुटले. समजा, आपला नायक काही आठवड्यांसाठी म्हणून पॅरिसला गेला आणि अकरा वर्षं तिथेच अडकला. नायिका तेव्हा 18 ची होती आणि दोघांचं लग्न गुपचूप ठरलेलं होतं. आता ती 29 ची विधवा आहे. कथा 1814 च्या उन्हाळ्यात सुरू होते.

पूर्वकथा किती आणि कुठे

पहिला मोह प्रस्तावनेचा. बागेतली संध्याकाळ, वचन, चुंबन, ताटातूट, मग नवं पान आणि वर "अकरा वर्षांनंतर". यात दोन तोटे आहेत. वाचक ज्या जोडीत गुंततो ती तरुण जोडी वीस पानांत नाहीशी होते आणि त्याला पुन्हा नव्याने गुंतावं लागतं. दुसरा तोटा मोठा आहे: प्रेम का तुटलं हे वाचकाला आधीच कळलं, तर पुढे तीनशे पानं पात्रं जे शोधत राहतील ते त्याच्या खिशातच असतं.

पूर्वकथेचे तीन वेगळे प्रश्न असतात. काय झालं, कसं झालं आणि का झालं. तिन्हींची उत्तरं एकत्र देऊ नयेत. सुमारे 90,000 शब्दांची आणि तीसेक प्रकरणांची कादंबरी धरली, तर ही वाटणी बहुधा चालते. "काय झालं", म्हणजे एकेकाळी काहीतरी होतं आणि ते तुटलं, हे पहिल्या दोन प्रकरणांत कळावं. इथे लपवाछपवी केली तर वाचक नुसता चिडतो. "कसं झालं", म्हणजे घटनाक्रम, पहिल्या पाव भागाच्या आसपास यावा. "का झालं", म्हणजे त्या वेळी प्रत्येकाच्या मनात काय होतं, हे निम्म्या कादंबरीच्या आधी पूर्ण उघडू नये. त्यातही एकाची बाजू आधी आणि दुसऱ्याची बरीच नंतर आली, तर मधल्या पानांना आपोआप ताण मिळतो. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही. क्रम बिघडला तर मात्र बिघडतं.

प्रस्तावना हवीच असेल तर 1,500 शब्दांच्या आत ठेवावी आणि ताटातुटीच्या आधीच कापावी. आपल्या उदाहरणात ती डोव्हरच्या धक्क्यावर "महिन्याभरात परत येतो" या वाक्यापाशी संपू शकते. पुढे काय झालं असेल याचा अंदाज वाचक करतो, आणि तो अंदाज चुकीचा ठरण्याची सोय लेखकाच्या हातात राहते.

दोघांची पहिली भेट उशिरा झाली तरी कथा खोळंबते. दहाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रकरणाच्या आत, दोघं एका खोलीत आलेली असावीत. याला अपवाद आहे आणि तो या प्रकाराचा मूळपुरुषच म्हणावा असा आहे. जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन'मध्ये (प्रकाशन डिसेंबर 1817) एकूण 24 प्रकरणं आहेत आणि नायक-नायिका सातव्यात भेटतात. तरी ते चालतं, कारण चौथ्याच प्रकरणात त्यांचं आठ वर्षांपूर्वीचं तुटणं थोडक्यात सांगून टाकलंय आणि सहाव्यात नायिकेला तो गावात येणार हे कळतं. वाट पाहणं हाही ताण असतो. मात्र वाचकाला आपण कशाची वाट पाहतोय हे ठाऊक असायला हवं.

फ्लॅशबॅक: एक आड एक प्रकरणांचा सापळा

एक प्रकरण 1803, एक प्रकरण 1814, अशी आलटूनपालटून मांडणी लोकप्रिय आहे आणि गतीचे सर्वांत जास्त बळी तीच घेते. भूतकाळाच्या प्रकरणांचा शेवट वाचकाला माहीत असतो: ते तुटणार आहेत. म्हणजे "पुढे काय होईल" हा ताण तिथे नसतो. उरतो फक्त "हे असं का झालं" हा. तरीही लेखक 1803 मधलं प्रेम पायरी पायरीने जुळवत बसतो: पहिला नाच, पहिलं भांडण, पहिला स्पर्श. वाचक ते चाळून 1814 कडे पळतो.

फ्लॅशबॅक ठेवायचा की नाही, यासाठी एक कसोटी पुरते. तो वाचल्यावर त्याच्या लगेच आधीच्या वर्तमानातल्या प्रसंगाचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर ठेवा. नुसतं "तेव्हा किती गोड होतं" एवढंच कळत असेल, तर त्यातला एखादा तपशील वर्तमानात ओढून आणा आणि बाकीचं काढून टाका. 1814 मध्ये नायिका सगळ्यांसमोर नायकाला पियानोशेजारी उभं राहायला नकार देते. वाचकाला ती उद्धट वाटते. मग 700 शब्दांत 1803 मधली एक संध्याकाळ येते. तिथे ती वाजवतेय, तो पियानोशेजारी उभं राहून तिच्या संगीताच्या वहीची पानं उलटतोय, आणि त्या पानांमध्येच दोघांच्या चिठ्ठ्या फिरतायत. आता तो नकार उद्धट राहत नाही.

या उदाहरणात क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कोडं, मग फ्लॅशबॅक. उलट केलं तर वाचकाला न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. लांबी 600 ते 1,200 शब्दांत राहिली तर वर्तमानाचा धागा हातून सुटत नाही. पूर्ण कादंबरीत असे सहा-सातच असावेत आणि बहुतेक पहिल्या दोन तृतीयांशात संपावेत. शेवटच्या पावात फ्लॅशबॅक आला, तर बहुधा लेखकाने काहीतरी मुद्दाम दडवून ठेवलं होतं असा वास येतो. ज्याच्या डोक्यातून आपण कथा वाचतोय त्यानेच ती गोष्ट तीनशे पानं आठवली नाही, हे पटत नाही.

पहिल्या भेटीचं पान

गती वाक्यांच्या पातळीवरही मरते. पहिली भेट बहुतेक मसुद्यांत साधारण अशी असते:

"त्याला पाहताच तिच्या काळजाचा ठोका चुकला. अकरा वर्षं! अकरा वर्षांत ती त्याला एक दिवसही विसरली नव्हती. तेच डोळे, तेच रुंद खांदे. तिला ती बागेतली संध्याकाळ आठवली, त्याने दिलेलं वचन आठवलं आणि त्यानंतर पाहिलेली ती न संपणारी वाटही आठवली. तिला त्याचा तिरस्कार वाटत होता. मग हात का थरथरत होते?"

यात चूक अशी काही नाही, पण कथा इथेच निकाली निघते. तिचं अजून प्रेम आहे, राग आहे, तो अजून देखणा आहे, ती वाट पाहत होती. सगळं सांगून झालं. पुढची वीस प्रकरणं याच चार गोष्टी वेगवेगळ्या दिवाणखान्यांत सांगितल्या जातील. आता हेच पान असं लिहिलं तर:

"'आमची जुनी ओळख आहे,' तो यजमानीणबाईंना म्हणाला.

'असेल,' ती म्हणाली. 'बरीच वर्षं झाली. माझ्या चेहरे लक्षात राहत नाहीत.'

त्याने मान लववली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती आणि ग्लास त्याने डाव्या हातात धरला होता. पूर्वी तो कधीच डाव्या हाताने ग्लास धरत नसे."

चेहरे लक्षात राहत नाहीत म्हणणाऱ्या बाईला त्याचा ग्लास कोणत्या हातात असायचा हे आठवतंय. ती खोटं बोलली हे वाचकाने स्वतः पकडलं. शिवाय बोटांना काय झालं हा नवा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर व्हर्दूनमध्ये आहे. भावनेचं नाव एकदाही आलं नाही, म्हणून ती पुढे वापरायला शिल्लक राहिली. मसुदा तपासताना "आठवलं", "विसरली नव्हती", "अजूनही" हे शब्द शोधून पाहावेत. एका प्रकरणात ते पाच-सहापेक्षा जास्त वेळा सापडले, तर तिथे प्रसंग घडत नाहीये, उजळणी चाललीय.

मधली शंभर पानं

मधल्या भागाचं नेहमीचं दुखणं म्हणजे चक्र. दोघं भेटतात, टोमणे मारतात, अचानक जवळ येतात, जुनी जखम आठवते, एकजण निघून जातो. पुढच्या प्रकरणात जागा बदलते आणि तेच चक्र पुन्हा फिरतं. प्रत्येक प्रसंग सुटा वाचला तर रंगतदार असतो, म्हणून लेखकाला दोष दिसत नाही.

दिसावा म्हणून प्रसंगांचा तक्ता करावा. एका ओळीत एक प्रसंग आणि चार रकाने: कथेतली तारीख, नवीन काय कळलं आणि कुणाला, विश्वास वाढला की घटला आणि कोणत्या कृतीमुळे, या प्रसंगामुळे पुढचा प्रसंग भाग पडला का. दुसरा आणि तिसरा रकाना दोन्ही रिकामे असतील तर तो प्रसंग जातो, मग त्यातलं नाचाचं वर्णन कितीही सुंदर असो. लागोपाठ तीन ओळींत एकाच मुद्द्यावरचं भांडण असेल, तर त्यांचं एक मोठं भांडण करावं आणि त्यात कुणीतरी अशी गोष्ट बोलून जावी जी मागे घेता येणार नाही. चौथ्या रकान्यात सगळीकडे "नाही" आलं, तर प्रसंगांचा क्रम अदलाबदल केला तरी कादंबरीला फरक पडणार नाही. मधला भाग रेंगाळतो म्हणतात तो हाच.

तिसऱ्या रकान्यात "कृती" हा शब्द जाणूनबुजून आहे. माफी मागितली, डोळे भरून आले, खरं खरं सांगितलं, याने विश्वास फारसा वाढत नाही. ज्या गोष्टीमुळे नातं तुटलं, तिच्या उलट वागणुकीने तो वाढतो, तोही थोडा थोडा. 'पर्स्वेजन'मध्ये नवव्या प्रकरणात नायिकेच्या पाठीला लटकलेलं दांडगट पोर नायक न बोलता बाजूला करतो. दहाव्यात ती दमली आहे हे ओळखून तिला आपल्या बहिणीच्या बग्गीत बसवतो. बाराव्यात लाइम या समुद्रकाठच्या गावी धक्क्यावर झालेल्या अपघातानंतर सगळे गोंधळलेले असताना जखमी मुलीजवळ थांबायला नायिकेइतकं योग्य कुणी नाही, असं तो बोलून जातो. एक कृती निमूट काळजीची, दुसरी तिचा थकवा ओळखणारी, तिसरी तिच्या कर्तबगारीवर भिस्त ठेवणारी. तिन्हींत प्रेमाचा शब्द नाही आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून वर आहे. बारावं प्रकरण म्हणजे 24 पैकी बरोबर मध्य, हेही ध्यानात घ्यावं.

मधल्या भागात दोघांना एकत्र ठेवणारं काहीतरी बाहेरचं काम लागतं. मृत्युपत्राचा तिढा, एका मुलाचं पालकत्व, विकायला काढलेलं घर. असं काम नसेल तर भेटी योगायोगाने घडवाव्या लागतात आणि तिसऱ्या योगायोगाला वाचक हसतो. कामाला मुदत असेल तर आणखी चांगलं.

एका संभाषणात सुटणारा गैरसमज

पूर्ण कादंबरी "तिला त्याची पत्रं मिळालीच नाहीत" यावर उभी असेल, तर मधल्या भागात वाचक एकच गोष्ट म्हणत राहतो: अरे, विचारा ना एकमेकांना. प्रश्न विचारला की कथा संपते, म्हणून लेखक तो विचारू देत नाही. कुणीतरी दार ठोठावतं, कुणी घाईत निघून जातं. असा अडथळा एकदा चालतो. दुसऱ्यांदा लेखकाचा हात दिसतो.

पत्र लपवण्याचा हिशेबही बघावा लागतो. 1840 च्या आधी ब्रिटनमध्ये टपालाचे पैसे सहसा पत्र घेणारा भरत असे आणि परदेशी पत्र महाग पडे. नायिकेच्या भावाने नायकाचं एखादं पत्र पैसे भरून स्वतःकडे ठेवलं, हे सहज शक्य आहे. अकरा वर्षं येणारी सगळी पत्रं घरातल्या नोकरांना, पोस्टातल्या माणसाला आणि खुद्द तिला सुगावा लागू न देता त्याने अडवली, हे नाही. तेव्हा एकच निर्णायक पत्र हरवू द्यावं आणि पुढे नायकाने लिहिलंच नाही असं ठेवावं. आता प्रश्न जास्त धारदार होतो: का नाही लिहिलं?

गैरसमज मध्यापर्यंत फुटू द्यावा. त्याच्यामागे खरा अडथळा दिसायला हवा, आणि तो माहितीचा नसून स्वभावाचा असावा. आपल्या उदाहरणात निम्म्यावर ते पत्र सापडतं. वाचकाला वाटतं, आता सगळं सुटलं. नायिका पत्र उघडते आणि त्यात असतं: मी कधी सुटेन माहीत नाही, तू माझ्यासाठी थांबू नकोस, मी तुला वचनातून मोकळं करतो. म्हणजे पत्र मिळालं असतं तरी तिला तो निर्णय नुसता कळवला गेला असता. तिला न विचारता तिच्या वतीने ठरवण्याची त्याची सवय, ही खरी जखम. भाऊ निमित्तमात्र. आता दुसऱ्या अर्ध्याला स्वतःचं काम मिळालं.

इतिहास ब्रेकही होतो आणि वेगही देतो

संशोधन केलेला लेखक सगळं सांगायला उत्सुक असतो. पोशाखाचे थर, जेवणाचे पदार्थ, पार्लमेंटमधली भांडणं. ऑस्टिनला हा त्रास नव्हता, ती आपल्याच काळाबद्दल लिहीत होती. आपल्याला थोडं सांगावंच लागतं. पण ज्या तपशिलामुळे पात्राला काही करता येत नाही किंवा घाईने करावं लागतं, तो तपशील गती वाढवतो. नुसता पाहण्याजोगा तपशील दोन वाक्यांत संपवावा.

रिजन्सी इंग्लंडमध्ये अशा अडसरांची कमी नाही. लग्न ठरलेलं नसताना अविवाहित बाईने पुरुषाशी पत्रव्यवहार करणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून एक चिठ्ठी हाही धोका असे. 1753 च्या विवाह कायद्यामुळे चर्चमध्ये लागोपाठ नसले तरी तीन रविवार लग्नाची जाहीर घोषणा व्हावी लागे, नाहीतर परवाना काढावा लागे. तीन रविवार म्हणजे किमान पंधरवडा, आणि त्यात कुणीही उठून आक्षेप घेऊ शकतो. एकविसाव्या वर्षाआधी परवान्यावर लग्न करायचं तर वडिलांची किंवा पालकाची संमती लागे. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळत. 1857 चा कायदा येईपर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून खासगी कायदा करून घ्यावा लागे. दुसऱ्या संधीच्या कथांत विधवा नायिका इतक्या असतात, त्याचं एक कारण हे. आणि ती नुकतीच विधवा झाली असेल, तर शोकाच्या पहिल्या वर्षात तिला नाचाच्या समारंभात दाखवता येणार नाही. आपल्या नायिकेचा नवरा 1812 मध्ये वारला असं धरलं तर ही अडचण उरत नाही.

प्रवासाचे आकडे जुळवून घ्यावेत. लंडन ते बाथ सुमारे 107 मैल. संध्याकाळी लंडनहून सुटलेली टपालगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बाथला पोचे. लंडनहून एडिंबराला दोन दिवसांपेक्षा जास्त लागत. सुएझ कालवा 1869 मध्ये उघडला. त्याआधी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून भारतात पोचायला जहाजाला पाच-सहा महिने लागत, म्हणजे पत्राचं उत्तर यायला साधारण वर्ष. हे न पाहता लिहिलं की सकाळी एडिंबराला लिहिलेलं पत्र संध्याकाळी लंडनमध्ये वाचलं जातं, आणि जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो. पाहून लिहिलं तर तीच दिरंगाई कामी येते: नायक माफीचं पत्र टाकतो आणि ते पोचायच्या आत नायिका तिथून निघालेली असते.

यासाठी कथेचं कॅलेंडर भिंतीवर लावावं, वार आणि तारखांसकट. सेकंड चान्सची वर्तमानकथा सहा आठवडे ते चार महिने चालली की बरं. दहा दिवसांत अकरा वर्षांचा राग विरघळला तर तो राग खोटा वाटतो. वर्षभर ताणलं तर मधले महिने "दिवस जात होते" अशा वाक्यांत घालवावे लागतात.

दुसरं तुटणं आणि शेवट

तीन चतुर्थांश कादंबरी झाल्यावर दोघं पुन्हा दुरावतात, ही या प्रकाराची रूढी आहे. रूढी वाईट नाही, पण इथे बाहेरून आणलेलं संकट फसतं. अपहरण, अफवा, जुनी प्रेयसी यांमुळे तुटलं तर मधल्या पानांत कमावलेल्या विश्वासाची परीक्षाच होत नाही. दुसरं तुटणं जुन्याच जखमेवर बसावं. आपला नायक पुन्हा तेच करतो. त्याच्या व्हर्दूनमधल्या कर्जाची हुंडी कुणीतरी वटवायला येतं. नायिकेच्या जहागिरीला झळ लागू नये म्हणून तो तिला न सांगता निघून जातो. त्याच्या लेखी हा त्याग असतो. तिच्या लेखी 1803 ची पुनरावृत्ती. वाचकाला दोघांचंही पटतं.

हा दुरावा दोन ते तीन प्रकरणांत संपावा. त्याहून लांबला तर वाचकाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. एका प्रकरणात मिटला तर तो नव्हताच म्हणायचा.

समेटाच्या प्रसंगाला जागा कमी पडणं हा शेवटचा मोठा दोष, आणि तो नावाजलेल्या लेखकांनाही सुटलेला नाही. ऑस्टिनने 'पर्स्वेजन'चा पहिला शेवट जुलै 1816 मध्ये लिहून संपवला. त्यात नायक आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा निरोप घेऊन येतो: तुमचं लग्न त्या दुसऱ्या गृहस्थाशी ठरलंय का, तसं असेल तर तुमच्या वडिलांचं भाड्याने घेतलेलं घर आम्ही रिकामं करतो. ती नाही म्हणते आणि दोघं एकमेकांना समजून घेतात. हा शेवट तिला पटला नाही. काही आठवड्यांतच तिने ते प्रकरण काढून त्या जागी दोन नवी लिहिली. नव्या शेवटात नायिका दुसऱ्या एका कप्तानाशी बोलताना, आशा संपल्यावरही बाईचं प्रेम टिकतं असं म्हणते. त्याच खोलीत टेबलाशी बसलेला नायक ते ऐकतो आणि तिथल्या तिथे तिला पत्र लिहितो. काढून टाकलेल्या पानांचं हस्तलिखित टिकून आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. नव्या शेवटात शब्द वाढलेत, तरी तो जास्त वेगाने वाचला जातो. जुन्यात दोघांना काहीच करावं लागत नव्हतं, तिसऱ्याचा निरोप सगळं सोडवत होता. नव्यात ती मन उघड करते, तो नाकारलं जाण्याची जोखीम घेऊन लिहितो, आणि ती पत्र वाचून बाहेर येईपर्यंत वाचक श्वास रोखून बसतो.

समेटासाठी म्हणून शेवटचा दहावा हिस्सा राखावा. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या घडाव्यात. चूक करणाऱ्याला नेमकी कोणती चूक झाली ते त्याच्याच तोंडून कळावं. मग त्याने तीच परिस्थिती पुन्हा समोर आल्यावर वेगळं वागून दाखवावं. आपला नायक कर्जाचे कागद तिच्या टेबलावर ठेवतो आणि "काय करायचं?" विचारून थांबतो. आणि दुसऱ्याला क्षमा करायला वेळ मिळावा, निदान एका रात्रीचा. हे तिन्ही एका परिच्छेदात उरकले की "घाईत संपवलं" ही तक्रार येते, मग त्याआधी चारशे पानं असोत. चूक कबूल करण्याचं भाषण लांबवून मात्र काही साधत नाही. दीडशे शब्दांनंतर ती वकिली वाटू लागते.

उपसंहार ठेवायचा तर 1,500 शब्दांत आटपावा. लग्न, मूल, दुरुस्त केलेलं घर, जे दाखवायचं ते दाखवावं. तिथे नवं गुपित उघडू नये, आणि भावाने पत्र लपवल्याची कबुली तिथे येत असेल तर ती उचलून विसाव्या प्रकरणाच्या आसपास न्यावी.